कर शून्य, तरी रिटर्न?

पगाराच्या स्लिपवर टीडीएसच्या रकान्यात वर्षभर शून्य दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. ‘माझा टॅक्सच बसत नाही, मग रिटर्न कशाला भरू?’ जून उजाडला की मला हे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. महाराष्ट्रात त्यात आणखी एक घोळ. स्लिपवर दरमहा २०० रुपये ‘पीटी’ कापलेला असतो आणि तोच प्राप्तिकर समजणारेही भेटतात. तो व्यवसाय कर, राज्य सरकारचा. तो कापला म्हणून रिटर्न भरल्यासारखं होत नाही.

कर भरावा लागतो का आणि रिटर्न भरावं लागतं का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. २०२५-२६ हे आर्थिक वर्ष घेऊ. आपण वेगळं काही निवडलं नाही तर नवी करप्रणाली लागू होते. तिच्यात ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त. त्यापुढे कर मोजतात, पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर पगारावरचा तो कर कलम ८७एच्या सवलतीने माफ होतो. रिटर्नची सक्ती मात्र ४ लाखांवर ठरते, १२ लाखांवर नाही.

महिना ४५,००० पगार धरा. वर्षाचे ५,४०,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ४,६५,०००. कर शून्य, पण रिटर्न भरायलाच हवं. आता महिना ३८,०००. वर्षाचे ४,५६,०००, वजावटीनंतर ३,८१,०००. इथे सक्ती नाही. पण याच माणसाला मुदत ठेवीवर २२,००० व्याज मिळालं असेल तर बेरीज ४,०३,००० होते आणि तोही हद्दीत येतो. जुनी प्रणाली निवडणाऱ्याची मर्यादा साठीच्या आत २,५०,००० च आहे, आणि ती ८०सीसारख्या वजावटी घेण्याआधीच्या उत्पन्नाला लावायची.

‘पूर्वी नोकरदारांना लागत नव्हतं’ असं जुनी मंडळी सांगतात, त्यातही तथ्य आहे. २०११ आणि २०१२ मध्ये ५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पगारदारांना काही अटींवर रिटर्नमधून सूट होती. २०१३ पासून ती बंद झाली. समज तेवढा मागे राहिला.

मला खरी काळजी वाटते ती वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांची. एप्रिल ते सप्टेंबर ८०,००० पगार, म्हणजे ४,८०,०००. वर्षाचा अंदाज ९,६०,०००, म्हणून पहिल्या कंपनीने टीडीएस कापला नाही. ऑक्टोबरपासून दुसरीकडे दीड लाख, सहा महिन्यांचे ९ लाख. आधीचा पगार नव्या कंपनीला कळवलाच नाही, तर तिच्या हिशेबानेही कर शून्य. दोन फॉर्म १६ हातात येतात, दोन्हींवर टीडीएस शून्य. पण बेरीज १३,८०,०००. प्रमाणित वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र १३,०५,०००. कर ७५,७५० आणि ४ टक्के उपकर धरून ७८,७८०, वर व्याज. त्यात चोरी कोणाचीच नसते, पण एवढी रक्कम एकदम भरताना माणूस हादरतो. नवीन नोकरीत रुजू होतानाच जुन्या पगाराचा तपशील एचआरकडे द्या.

उलटंही घडतं. ३८,००० पगाराच्याच माणसाला एका बँकेतून ६०,००० व्याज मिळालं, तर बँक १० टक्के म्हणजे ६,००० रुपये कापते. त्याचा कर शून्यच आहे; ते ६,००० त्याचे स्वतःचे आहेत आणि रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. अशा छोट्या रकमा लोक सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही सक्ती येते, अशी थोडी प्रकरणं आहेत: परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च, वर्षाचं वीजबिल १ लाखावर, टीडीएस २५,००० किंवा अधिक, किंवा परदेशी मूळ कंपनीने दिलेले शेअर नावावर असणं.

भरायला बसाल तेव्हा फॉर्म १६ शेजारी प्राप्तिकर पोर्टलवरचं ‘एआयएस’, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून ठेवा. विसरलेलं व्याज बहुधा तिथे सापडतं. साध्या पगारदाराची मुदत एरवी ३१ जुलै; चुकली तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यापुढे ५,००० रुपये विलंब शुल्क. आणि सबमिट केलं म्हणून उठू नका. ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं असतं. ते राहिलं, तर रिटर्न वेळेत भरल्याचं धरत नाहीत.