पोरक्या बाळाचे पहिले सहा महिने

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एके सकाळी दीड महिन्याची नात पदराखाली घेऊनच आल्या. मुलगी बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. जावई त्याच्याही आधी गेलेला. दुधाच्या पावडरीचा डबा अधिक दिवस पुरावा म्हणून बाई सांगितलेल्या मापाच्या निम्मीच पावडर पाण्यात घालीत. बाळ रडत नसे, म्हणून त्यांस ते तृप्त वाटे. वास्तविक त्याच्या अंगी रडण्याइतकेही त्राण उरले नव्हते.

अनाथ बालकांसाठी शासनाच्या योजना नाहीत असे नाही. अंगणवाडीतून सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना विनामूल्य आहार मिळतो. दिवसाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि बालक तीव्र कुपोषित असल्यास ८०० उष्मांक, असे त्याचे प्रमाण २०१३ मध्ये ठरले होते. परंतु त्यापूर्वीच्या सहा महिन्यांचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या काळासाठी केवळ स्तनपानास उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. प्रसूतीनंतर सहा महिने आहार मिळतो तो मातेस. बाळाचा वाटा तिच्या दुधातून त्याला पोहोचावा, हा त्यामागील हिशेब. आईच नाहीशी झाली की हा हिशेब कोलमडतो, आणि जे मूल सर्वांत दुबळे त्याच्याच वाट्याला काही येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात आजी नव्हती, असेच म्हणावे लागते.

आता खर्च पाहा. चार किलो वजनाच्या बाळास दिवसाला सुमारे ६०० मिलीलिटर दूध लागते. ४०० ग्रॅमचा डबा त्यास चार-पाच दिवसच पुरतो. म्हणजे महिन्याला सहा-सात डबे. मोलमजुरीच्या घरात पावडर पातळ होते ती यामुळे, अज्ञानामुळे नव्हे. अशा दुधाने पोट पाण्याने भरते, अंग भरत नाही. त्यात बाटली नीट उकळली गेली नाही, तर हगवण ठरलेलीच.

म्हणून घरच्यांनी प्रथम डॉक्टरांस विचारावे, की घरात एखादी निरोगी, अंगावर पाजणारी काकू किंवा मावशी असल्यास तिने तपासण्या करून बाळास पाजावे काय. ते शक्य नसल्यास पावडर डब्यावरील मापानेच, उकळलेल्या पाण्यात, लागेल तेवढीच कालवावी. बाटलीऐवजी आपले जुने बोंडले किंवा वाटी-चमचा बरा. तो घासून उकळता येतो. बाळाचे नाव पहिल्याच आठवड्यात अंगणवाडीत नोंदवून दर महिन्यास वजन करावे. वजन वाढत नसेल तर वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठावा. घुटीत मध मात्र वर्षापर्यंत नको.

सहा महिन्यांनंतर नाचणीचे सत्त्व, तूप घातलेला मऊ वरणभात, कुस्करलेले अंडे असे दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. शिवाय दूध हवेच. अंगणवाडीचे पाकीट घरातील सर्व पोरांत वाटले जाते, हे मी पाहिले आहे. आजीला त्याबद्दल बोल लावण्याचा माझा धीर होत नाही.

नातलगांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलासाठी 'मिशन वात्सल्य' योजनेत महिना ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० व शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावयाचा. वाट ठाऊक नसल्यास १०९८ या क्रमांकावर विचारावे. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले आणि बाळाचा जन्मदाखला आधीच काढून ठेवावा, कारण अर्ज बहुधा तेथेच अडतो.

आमच्या बाईंचा अर्ज असाच अडला. तोपर्यंत शिक्षकांनी पाळीपाळीने डबे आणले. रक्कम मंजूर झाल्याचे पत्र आले, त्या दिवशी ती चिमुरडी शाळेच्या ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने भात खात होती.