खांद्याची दुखापत आणि थप्पीची उंची

वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात, रेल्वेच्या मालधक्क्यावर किंवा साखर कारखान्याच्या गोदामात पोती वाहणाऱ्या कामगाराचा खांदा दुखावला, की त्याला बहुधा दोनच सल्ले मिळतात: महिनाभर हात हलवू नये, किंवा मालिश करून उद्यापासून कामाला लागावे. खांद्याची रचना पाहता दोन्ही सल्ले अपुरे ठरतात. कामावर परतताना कोणता भार, कोणत्या उंचीवर आणि कोणत्या टप्प्यावर उचलायचा, याला खरे महत्त्व असते.

शरीरातील सर्वांत मोकळेपणाने फिरणारा हा सांधा स्थैर्याच्या बाबतीत मात्र दुबळा आहे, कारण दंडाच्या हाडाचा माथा मोठा आणि गोल असून तो ज्या खोबणीत बसतो ती फऱ्याची, म्हणजे पाठीवरील चपट्या त्रिकोणी हाडाची, खोबण अगदी उथळ आहे. हा माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार लहान स्नायू करतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, माथ्याला वेढून असतात आणि या वेढ्याला डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. यातील सर्वांत वरची कंडरा फऱ्याच्या हाडाच्या छपराखालून, अरुंद जागेतून जाते आणि बहुतेक दुखण्यांची सुरुवात तिच्यापासूनच होते. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान कळ येते आणि त्यापुढे ती कमी होते, तेव्हा डॉक्टरांचा संशय प्रथम या कंडरेवर जातो. रात्री त्या कुशीवर झोपता न येणे हीदेखील नेहमीची तक्रार असते.

पाठीवर घेतलेल्या पोत्याचा भार मुख्यतः कणा आणि पाय पेलतात. खांद्याची कसोटी लागते ती पोते थप्पीच्या वरच्या थरावर चढवताना किंवा आकड्याने वरून खाली ओढताना. हात लांब करून ५ किलो वजन सांध्यापासून ६० सेंटिमीटरवर धरले, तर सांध्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवरून ओढणाऱ्या स्नायूला त्याच्या वीसपट, म्हणजे सुमारे १०० किलोइतकी ओढ द्यावी लागते, आणि यात हाताचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. हेच वजन कोपर अंगाशी ठेवून धरले की खांद्यावरील ताण पुष्कळच उतरतो. म्हणून ‘दहा किलोपेक्षा जास्त उचलू नये’ एवढीच चिठ्ठी देणारा डॉक्टर अर्धीच सूचना देत असतो.

बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कष्टकऱ्यांच्या खांदेदुखीमागे पुष्कळदा फाटलेली कंडरा असते, हे आग्रहाने मांडले. कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा झुलवायचा, हा आजही फिजिओथेरपिस्ट शिकवतात तो व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हात बांधून ठेवण्यातला धोका म्हणजे सांध्याचे आवरण आकसून खांदा जखडणे. मधुमेह असलेल्यांत ही शक्यता अधिक असते.

त्यामुळे साध्या दुखापतीत पहिले काही दिवस डोक्यावरची कामे टाळून हात हलता ठेवावा. पुढे भिंतीला हात टेकून, सांधा न हलवता स्नायू ताणण्याचे व्यायाम, मग रबरी पट्ट्याचे, आणि त्यानंतर कमरेच्या, छातीच्या व शेवटी डोक्याच्या उंचीवर वजन उचलणे असा क्रम ठेवावा. व्यायामात सोसवेल इतके दुखणे चालते. ते दुसऱ्या सकाळपर्यंत निवले नाही, तर एक पायरी मागे यावे. कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर चार ते सहा आठवडे झोळी, सुमारे बारा आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम आणि जड कामासाठी साधारण सहा महिने, असा हिशेब धरला जातो. मात्र शस्त्रक्रियेची घाई नेहमीच योग्य नसते: कंडरेवरील हाड तासून जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा नुसत्या दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा लक्षणीय फायदा होत नाही, असे २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत आढळले. साठीपुढच्या अनेकांच्या कंडरेत कोणतेही दुखणे नसताना चीर दिसते, तेव्हा केवळ एमआरआयच्या अहवालाने हबकून जाण्याचे कारण नाही. पडल्यानंतर हात उचलताच न येणे, बधिरपणा किंवा ताप असेल, तर मात्र लगेच तपासून घ्यावे. डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छाती भरून येत असेल, तर आधी हृदयाची शंका घ्यावी.

व्यायामाचा क्रम रुग्णालयात ठरतो, पण तो पाळला जातो की मोडतो हे टोळीत ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नेहमी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो मानली आहे, आणि क्विंटलच्या पोत्याची जागा ५० किलोच्या गोणीने घेतली, हा बदल कुठल्याही मलमापेक्षा मोलाचा म्हटला पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांसाठी मंडळे उभी केली. परंतु मजुरी बहुधा वजनावर किंवा नगावर मोजली जात असल्याने हलके काम मागणे म्हणजे आपला वाटा कमी करून घेणे, अशी भीती कामगाराला असते. मुकादमाने परतलेल्या माणसाला पहिले काही आठवडे थप्पीच्या खालच्या थरांवर, जोडीने उचलण्याच्या किंवा पोती शिवण्या-मोजण्याच्या कामाला लावले आणि त्याचा वाटा कायम राखला, तर त्या भीतीपोटी दुखणे लपवण्याची त्याला गरज उरत नाही.