समुद्रात आयोडीन, मग खड्या मिठात का नाही? सूक्ष्म शेवाळापासून गलगंडापर्यंतची गोष्ट

आठवडी बाजारात खडे मीठ विकणारा हमखास सांगतो, "समुद्राचं मीठ आहे, आयोडीन त्यात आपोआप असतंच." ऐकणाऱ्यालाही ते पटतं. पण हिशेब केला की वेगळंच दिसतं.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मिठागरात पाणी आटताना सगळं आयोडीन मिठातच राहिलं असं धरलं, तरी १० ग्रॅम मिठात ते १७ मायक्रोग्रॅमच भरतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०. प्रत्यक्षात तर मीठ गोळा केल्यावर जे कडवट पाणी सोडून देतात, त्यातच बरंच आयोडीन निघून जातं.

आता समुद्रात डोकावू. तिथे आयोडीन मुख्यतः दोन रूपांत असतं. एक आयोडेट, म्हणजे ऑक्सिजनशी बांधलेलं. दुसरं आयोडाइड, ऑक्सिजन सुटलेलं. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुबलक असतो, म्हणून नियमाने बहुतेक सगळं आयोडेटच असायला हवं. खोल पाण्यात तसंच आहे. पण ऊन पडतं त्या वरच्या थरात, विशेषतः आपल्याकडच्या उष्ण समुद्रांत, आयोडाइडचा वाटा बराच मोठा असतो.

हे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाचं. डायटमसारख्या एकपेशीय शेवाळावर प्रयोगशाळेत प्रयोग झाले, तेव्हा पाण्यातलं आयोडेट कमी होत गेलं आणि आयोडाइड वाढत गेलं. काही प्रयोगांत तर शेवाळ जोमात वाढताना नाही, म्हातारं होऊन पेशी फुटायला लागल्यावर हा बदल जास्त झाला. पेशीतून बाहेर पडणारी द्रव्यं आयोडेटचा ऑक्सिजन काढून घेतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. नेमकी क्रिया कोणती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

अरबी समुद्राची तऱ्हा आणखी निराळी. इथे शेवाळ भरपूर वाढतं, मरून खाली जातं, आणि ते कुजताना मधल्या थरातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. मग तिथले जीवाणू आयोडेटमधला ऑक्सिजन वापरतात. म्हणून आपल्या किनाऱ्यापलीकडच्या त्या थरात आयोडाइड खच्चून सापडतं.

रूप बदललं म्हणून काय बिघडलं? तर जमिनीवर येणारं आयोडीन बऱ्याच अंशी या आयोडाइडवर अवलंबून आहे. हवेतला ओझोन समुद्राच्या पृष्ठभागावरच्या आयोडाइडला भिडतो, तेव्हा आयोडीनयुक्त वायू तयार होऊन वर उडतात. पुढे ते पावसाबरोबर जमिनीत उतरतात, तिथून पिकात आणि चाऱ्यात. पण समुद्र जितका लांब तितका हा वाटा कमी. शिवाय पाऊस जमिनीतलं आयोडीन धुऊनही नेतो. डोंगराळ मुलखात गलगंड, म्हणजे गळ्याची गाठ, पूर्वी घरोघरी दिसायची ती यामुळेच.

आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी एका भागाला आयोडाइड घातलेलं मीठ दिलं, दुसऱ्याला आयोडेट घातलेलं, तिसऱ्याला साधं. पहिल्या दोन्ही भागांत गलगंड चांगलाच कमी झाला. १९६२ मध्ये देशभराचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. किनारा लाभला म्हणून महाराष्ट्र यातून सुटलेला नाही, इथेही आयोडीनची कमतरता आढळली आहे. गरोदरपणात ती जास्त असली तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि तो तोटा नंतर भरून निघत नाही.

आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. दमट हवेत आयोडाइड लवकर उडून जातं, आयोडेट टिकतं. म्हणजे शेवाळ समुद्रात ज्या आयोडेटचं आयोडाइड करतं, तेच आयोडेट कारखान्यात मिठावर फवारलं जातं. घरी पोचलेल्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम असावं लागतं, म्हणजे १० ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅम.

खडे मीठच हवं असेल तर तेही आयोडीनयुक्त मिळतं, पुडीवर तसं छापलेलं पाहून घ्यावं. घरी आणल्यावर झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून लांब ठेवावं. उघड्या वाडग्यात पावसाळाभर पाझरत राहिलेल्या मिठातून आयोडीनही हळूहळू निघून जातं.