पाडा कितीही, बाहुली उभीच!

दोस्तांनो, संग्रहालय म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तलवारी, चिलखतं, जुनी नाणी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी, हो ना? पण गुजरातमध्ये राजकोटला एक संग्रहालय आहे, तिथे तलवार औषधालाही सापडायची नाही. तिथे आहेत नुसत्या बाहुल्या! शंभरएक देशांमधल्या, हजाराहूनही जास्त.

आता गंमत ऐका. हे संग्रहालय कुठल्या राजाने उभारलं नाही की सरकारने. ते उभारलं राजकोटच्या एका रोटरी क्लबने. रोटरीची पाटी तुम्ही नक्की पाहिली असणार. पाणपोईवर असते, बसथांब्यावर असते, रक्तदान शिबिराच्या मांडवावर असते. डॉक्टर, दुकानदार, शिक्षक, इंजिनियर अशी गावातलीच मंडळी आपापला कामधंदा सांभाळून गावासाठी काहीतरी करायला एकत्र येतात, तो हा क्लब. पहिला क्लब अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी सुरू केला. तुमच्या आईबाबांना लहानपणी पोलिओचे डोस पाजले गेले ना, त्या मोहिमेला जगभरच्या रोटरीवाल्यांनी १९८५ पासून मोठा हातभार लावला. २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

राजकोटच्या या क्लबच्या, म्हणजे राजकोट मिडटाउनच्या, मंडळींनी ओळखलं, की आपले भाऊबंद जगात सगळीकडे आहेत. मग त्यांच्याकडेच बाहुल्या मागितल्या तर? देशोदेशीच्या क्लबांकडून बाहुल्या येत गेल्या आणि २००४ मध्ये संग्रहालयाचं दार उघडलं. दिल्लीतलं बाहुली संग्रहालय तर त्याहून जुनं, १९६५ सालचं. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली भेट दिली, तिथून त्यांना बाहुल्या जमवायचा नाद लागला.

‘पण बालविज्ञानाच्या पानावर बाहुल्या कशाला?’ असं कोणीतरी विचारणारच. अहो, बाहुली म्हणजे नुसता नट्टापट्टा नव्हे. तिच्या पोटात चक्क विज्ञान दडलेलं असतं. चला, तीन बाहुल्या उलगडून पाहू.

पहिली तमिळनाडूतल्या तंजावरची. आपल्या भोसल्यांनी जिथे राज्य केलं, तेच तंजावर. तिथली गोल बुडाची बाहुली आडवी पाडा, ती डोलत डोलत पुन्हा उभी! टपली मारा, ढकला, काही करा, पठ्ठी उठतेच. जपानमध्ये तिची बहीण आहे, दारुमा. दुकानातून आणताना दारुमाचे दोन्ही डोळे कोरे असतात. मनात एक इच्छा धरून एक डोळा रंगवायचा. इच्छा पूर्ण झाली, की दुसरा.

ही बाहुली उठते कशी? तिचं बूड जड असतं आणि वरचा भाग पोकळ, हलका. प्रत्येक वस्तूत एक असा बिंदू असतो, की जणू तिचं सगळं वजन तिथेच एकवटलंय. त्याला म्हणतात गुरुत्वमध्य. या बाहुलीचा गुरुत्वमध्य अगदी खाली, बुडाशी असतो. बाहुली कलली, की तो थोडा वर उचलला जातो. पृथ्वी तर त्याला खाली ओढतच असते. तो खाली जाण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे बाहुलीने सरळ होणं. म्हणून ती सरळ होते.

विश्वास नाही बसत? करून बघा. प्लॅस्टिकचा जुना चेंडू मोठ्या माणसांकडून बरोबर अर्धा कापून घ्या. वाटीसारख्या भागात तळाशी शाडूच्या मातीचा गोळा घट्ट दाबून बसवा. वर जाड कागदाचा शंकू चिकटवा, त्यावर नाक-डोळे काढा. झाली बाहुली! आता पाडा तिला. उठली? मग खरा प्रयोग पुढेच आहे. थोडी माती काढून शंकूच्या टोकाला लावा. पुन्हा पाडा. अशी थोडी थोडी माती वर नेत राहा. एक वेळ अशी येईल, की बाहुली आडवी पडेल ती पडेलच. त्या क्षणी तिचा गुरुत्वमध्य साधारण चेंडूच्या कापलेल्या कडेच्या पातळीवर गेलेला असतो. त्याहून पुरेसा खाली होता तोवर ती उठत होती.

दुसरी बाहुली रशियाची, मात्र्योश्का. बाहुलीत बाहुली, तिच्या पोटात आणखी बाहुली! करणारा कारागीर आधी सगळ्यात छोटी, न उघडणारी बाहुली कातून घेतो आणि मग तिच्या मापाने पुढची मोठी. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि कोरडं पडलं की आक्रसतं. पावसाळ्यात तुमच्या घरातलं दार अडकतं ना, तेच कारण. म्हणून बाहुल्यांसाठी लाकूड आधी खूप दिवस वाळवतात आणि एका संचातल्या बाहुल्या एकाच लाकडातून घडवतात, म्हणजे फुगल्या तर सगळ्या सारख्याच फुगतील.

तिसरी बाहुली कर्नाटकातल्या चन्नपट्टणची. तिचा रंग ब्रशने देत नाहीत. लाकूड यंत्रावर गरागरा फिरतं आणि कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घासून घासून उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर बसतो. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून धरलं, की बाहुली चकाकायला लागते. ही लाख तयार करतात झाडांवर राहणारे चिमुकले किडे. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात. कधी गेलात तर ती कशी बनवतात, हे कारागिरांना जरूर विचारा.

आणि खेळण्यात अशी करामत दडवण्याचा शोध काही कालपरवाचा नाही बरं का! मोहेंजोदडो या प्राचीन शहराच्या उत्खननात मातीचा एक बैल सापडला. त्याचं डोकं वेगळं बसवलेलं, दोरीने मान हलवता येईल असं. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या कोणा मुलाने ती दोरी ओढली असेल!

आता तुमची पाळी. संग्रहालयाला मोठं शहर लागत नाही. झाशी जिल्ह्यातलं किल्ल्याचं छोटंसं समथर असो, सावंतवाडी असो की तुमचं गाव, जुनी खेळणी घरोघर माळ्यावर पडलेलीच असतात. आजीची भातुकली, आजोबांचा भोवरा, कोणाचा लाकडी पांगुळगाडा. ती मागून आणा आणि प्रत्येकाशेजारी चिठ्ठी ठेवा: कोणी केलं, कशाचं केलं, चालतं कसं. शाळेतली एक खोली मुख्याध्यापकांकडे मागा आणि कपाटांसाठी गावातल्या रोटरी किंवा लायन्स क्लबच्या काका-मावश्यांना भेटा. मात्र एक टेबल असं ठेवा, जिथे मोडलं तरी चालेल अशी खेळणी असतील आणि पाटीवर लिहिलेलं असेल: ‘हात लावून पाहा.’