बिटटोरंटची पारख

2003 साली मॅडोनाचा ‘अमेरिकन लाइफ’ अल्बम आला, तेव्हा फाइल शेअरिंगच्या नेटवर्कवर त्याच्या गाण्यांच्या बनावट फाइली फिरत होत्या. गाणं म्हणून उतरवून घ्यावं, तर आतून खुद्द मॅडोना शिवी हासडून जाब विचारायची. ओव्हरपीअरसारख्या कंपन्यांचा हा धंदाच होता: कॉपीराइटवाल्यांकडून पैसे घ्यायचे आणि नेटवर्कमध्ये भेसळ सोडायची.

काझा हे असंच एक नेटवर्क. ते या भेसळीला सहज बळी पडलं, कारण तिथली तपासणीच अर्धवट होती. वेळ वाचावा म्हणून फाइलीच्या सुरुवातीचे 300 केबी आणि पुढे 1, 2, 4, 8 एमबी अशा दुपटीच्या टप्प्यांवरचे तेवढेच भाग तपासून फाइलीचा हॅश, म्हणजे तिचा ठसा, काढला जाई. मधला मजकूर बिघडवला तरी ठसा तोच राहायचा.

ब्रॅम कोहेनने 2001 मध्ये आणलेल्या बिटटोरंटने ही पळवाट बुजवली. इथे फाइलीचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा 20 बाइटचा हॅश टोरंट फाइलीत आधीच लिहिलेला असतो. आलेला तुकडा त्याच्याशी जुळला, तरच तो पुढे दिला जातो. देणारा कोण, हे विचारायचं कारणच उरत नाही. मला या यंत्रणेची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तरी हल्लेखोरांना फट सापडलीच. 256 केबीचा एक तुकडा प्रत्यक्षात 16 केबीच्या सोळा खंडांत येतो, आणि तेही वेगवेगळ्या लोकांकडून. त्यांतला एक खंड खोटा निघाला की हॅश जुळत नाही आणि उरलेले पंधरा चांगले खंडही वाया जातात. घात कोणी केला, हेही कळत नाही. यावर चांगल्या क्लायंटांनी, म्हणजे टोरंट उतरवणाऱ्या प्रोग्रॅमांनी, युक्ती काढली. फसलेल्या तुकड्याची नोंद ठेवायची, तो पुन्हा मागवायचा, दोन्ही प्रती खंडाखंडाने ताडून पाहायच्या आणि ज्याचा खंड वेगळा निघेल त्याला बंदी घालायची. बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत हॅशची उतरंडच थेट 16 केबीपर्यंत नेली आहे, त्यामुळे खोटा खंड जागीच पकडता येतो. 2020 च्या लिबटोरंट 2.0 या सॉफ्टवेअर लायब्ररीत ही सोय आली.

खरा अवघड हल्ला वेगळाच आहे. फाइल कोणाकडे आहे, हे सांगणारी वही आता केवळ एका सर्व्हरवर नसते, ती हजारो संगणकांत वाटलेलीही असते. हल्लेखोर एकटाच शेकडो खोटी नावं घेऊन हव्या त्या पानाभोवती जाऊन बसतो आणि विचारायला येणाऱ्याची दिशाभूल करतो. याला सिबिल हल्ला म्हणतात. ओळख देणारी मध्यवर्ती संस्था नसेल, तर तो पुरता रोखता येणं व्यवहारात अशक्य आहे, असं जॉन डूसर यांनी 2002 मध्येच मांडलं होतं. म्हणून उपाय आहेत ते हल्ला महाग करणारे. वहीतली जागा ठरवणारा संगणकाचा क्रमांक त्याच्या आयपी पत्त्यावरूनच ठरवला, तर हवी ती जागा पटकावता येत नाही. ही वही वाटण्याच्या कॅडेम्लिया पद्धतीत जुन्या, टिकून राहिलेल्या सोबत्यांना नव्यांपेक्षा प्राधान्य मिळतं.

या लढाईला निव्वळ गाण्यांच्या चोरीचा मामला समजू नये. इंटरनेट आर्काइव्हवरची कितीतरी जुनी मराठी पुस्तकं टोरंटने उतरवता येतात. डेबियनसारखी अख्खी कार्यप्रणालीही याच वाटेने वाटली जाते. मात्र तुकड्यांचा हॅश फक्त एवढंच सांगतो, की टोरंटमध्ये लिहिलं होतं तेच हाती आलं. टोरंटच बनावट असेल, तर तो गप्प बसतो. म्हणून डेबियन टोरंटच्या शेजारीच डिस्क-प्रतिमांच्या हॅशची यादी आणि तिच्यावरची आपली डिजिटल सही ठेवतं. टोरंट पूर्ण झाल्यावर ती सही आणि उतरलेल्या फाइलीचा हॅश ताडून पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.