खिशातला चाकू घेताना

शेतकऱ्याच्या खिशात एक छोटा मिटणारा चाकू असला म्हणजे तो दिवसातून दहा वेळा कामी येतो. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, ठिबकची नळी कापायची, भाकरीबरोबर कांदा चिरायचा. एवढ्यासाठी कोणी कोयता काढत नाही.

युसूफ वडगाव हे केज तालुक्यातलं गाव. या भागातून दर साली पुष्कळ माणसं ऊसतोडीला जातात. कोयता कसा पारखावा हे त्यांना शिकवावं लागत नाही. कोयता हातात घेऊन तोलतात, टिचकी मारून वाजवतात, धार बघतात, मगच पैसे मोजतात. पण तोच माणूस चाकू घेताना मुठीचा लाल-हिरवा रंग बघून भुलतो. मग आठ दिवसांत पातं बोथट होतं. नाहीतर पातं मिटतं आणि बोट कापतं. बोट कापलं की मूठ धरता येत नाही. मुकादमाची उचल तर आधीच घेतलेली असते. म्हणून चाकू लहान असला तरी बघून घ्यावा.

आधी पात्याचं बघू. लोखंडात थोडा कर्ब मिसळला की पोलाद होतं. कर्ब म्हणजे कोळशात असतो तोच. खिडकीच्या गजाच्या लोखंडात तो फार थोडा असतो, म्हणून गज वाकतो आणि त्याला धार टिकत नाही. चाकूच्या १०० किलो पोलादात साधारण ७०० ग्रॅम ते १ किलो कर्ब असतो. एवढ्यानंच सगळा फरक पडतो. पण नुसता कर्ब असून भागत नाही. पोलादाला पाणी द्यावं लागतं. घिसाडी काय करतो ते आठवा. तो पातं भट्टीत लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्यानं पातं काचेसारखं कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते घासून पुन्हा हलकं तापवायचं. गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. मग पातं कडकही राहतं आणि तुटतही नाही. आपल्याकडं ही विद्या जुनी आहे. तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं पोलाद विकत न्यायला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इराणचे व्यापारी येत. १९४८ पर्यंत बीडवर ज्या निजामाचं राज्य होतं, त्याच्याच मुलखातलं हे गाव.

बाजारात पाती दोन जातीची मिळतात. एक साध्या पोलादाचं. ते गंजतं, पण घरच्या निसण्यावर पाच मिनिटांत धार घेतं. दुसरं स्टेनलेसचं. इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली यानं १९१३ साली ते बनवलं. त्यात १०० किलोला १२-१३ किलो क्रोमियम असतं. त्यामुळं गंज सहजी धरत नाही. पण ‘सहजी धरत नाही’ म्हणजे ‘कधीच धरत नाही’ असं नव्हे. दुकानदार काही का म्हणेना!

यातलं कोणतं घ्यावं? ज्याचा हात दिवसभर ओला, जो लिंबं, कैऱ्या, चिंचा कापतो, त्यानं स्टेनलेस घ्यावं. आंबटानं साधं पोलाद काळं पडतं. तो काळा डाग म्हणजे गंज नव्हे, त्याला भिऊ नये. तांबडा गंज दिसला तर मात्र लगेच घासून काढावा. बाकी सुतळी, पोती, काड्या कापणाऱ्याला मला विचाराल तर साधं पोलादच बरं. बोथट झालं तर बांधावर बसूनही धार लावता येते.

स्टेनलेसमध्ये एक फसवणूक असते. ताट-वाट्यांचं बरंचसं स्टील वेगळ्या जातीचं असतं. त्याला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. त्याचा चाकू चकाकतो, पण कापत नाही. हे ओळखायला बिघडलेल्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक खिशात न्यावं. पात्याला चुंबक चिकटलं नाही तर तो चाकू घेऊ नये. चिकटलं म्हणजे पातं चांगलंच, असं मात्र समजू नये. चुंबक गजालाही चिकटतं.

आता कमान. काही चाकूंना खटका असतो. पातं उघडलं की ते अडकतं, खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. आपल्या छोट्या चाकूला तसला खटका नसतो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमान असते. तिच्या दाबानं पातं उघडं राहतं, आणि जोर केला की मिटतं. म्हणून धारेनं खाली दाबून कापावं. तेव्हा जोर पातं उघडण्याच्याच बाजूला जातो. टोक खुपसून भोक पाडायला जाल, किंवा पात्याच्या पाठीवर ठोकाल, तर पातं फिरून बोटांवर येईल. भोक पाडायला दाभण आहे ना!

दुकानात चाकू चार वेळा उघडून मिटून बघा. उघडताना आणि मिटताना ‘खट्’ असा नेटका आवाज आला पाहिजे. पातं उघडून आडवं हलवा. खिळ्याशी खुळखुळत असेल तर परत ठेवा. मिटलेलं पातं मुठीच्या मधोमध बसलं पाहिजे. टोक वर राहिलं तर खिसा फाटेल, मांडीही फाटेल. कमान फार ताठ असेल तर नख मोडतं. ढिली असेल तर बोट जातं. पातं चार बोटं लांब पुष्कळ झालं. पात्याची पाठ रुपयाच्या नाण्याहून जाड नको, नाहीतर कांदा चिरायच्या ऐवजी फुटतो. मुठीला दोरीचं भोक असलं तर चांगलं. चाकू रानात पडला की सापडत नाही.

धार निसण्यावरच लावावी, तीही पाणी घालून. फिरत्या चाकावर कोरडी धार लावताना ठिणग्या छान उडतात, पण धार तापते. धारेवर निळा रंग दिसला की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं असं समजावं. ती जागा लवकर बोथट होते. मग निसण्यावर निळा भाग पुरा झिजेपर्यंत घासावं लागतं. काम झालं की पातं पुसून, कोरडं करून मिटावं. आठवड्यातून एकदा खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. पात्यानं फळं कापत असाल तर पात्याला खोबरेल पुसावं.