ज्येष्ठांकडून शिकताना

सप्टेंबर १९४८पर्यंत उमरी परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणूनच येथील घरांत जमिनीचे जुने उर्दू कागद आढळतात. त्यावरील ‘१३५७ फसली’ या सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. एवढे पुस्तकही सांगेल. परंतु ओढ्याकाठचा तुकडा कोणत्या भावाला गेला आणि का, हे आजोबाच सांगतील. ते सन सांगत नाहीत. ‘रझाकारांच्या वेळी’, ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी’ असे म्हणतात. त्यांना मध्येच दुरुस्त करू नये (आपल्याला ती खोड असतेच!), या खुणांवरूनच कालक्रम लागतो. निजामाच्या काळात उर्दू शिकलेली पिढी आज नव्वदीच्या घरात आहे. तो कागद येत्या सुटीतच त्यांच्यापुढे उलगडावा.